वाचकांचे प्रश्न : सही खरी, पण कोणाची?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयाभोवती फिरत होते : क्वांटम संगणकापुढेही टिकतील अशा समूह-सह्या, म्हणजे लॅटिसवर (अनेक मितींतल्या बिंदूंच्या जाळीवर) उभारलेल्या ग्रुप सिग्नेचर. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. साधी डिजिटल सही कशी चालते, हे वाचकांना ठाऊक आहे असं धरलं आहे.

प्रश्न : ग्रुप सिग्नेचर म्हणजे गटातल्या सगळ्यांना एकच गुप्त किल्ली वाटून देणं, असं एका व्याख्यानात ऐकलं. मग त्यात एवढं अवघड काय? (सातारा)

व्याख्यानात सांगितलं ती ग्रुप सिग्नेचर नव्हे. एकच किल्ली ५० जणांना वाटली, तर भानगड झाल्यावर सही कोणी केली हे किल्ली वाटणाऱ्यालाही सांगता येणार नाही. शिवाय एकाला काढायचं, तर उरलेल्या ४९ जणांच्या किल्ल्या बदलाव्या लागतील.

१९९१ साली डेव्हिड चॉम आणि यूजीन व्हान हाइस्ट यांनी मांडलेल्या कल्पनेत प्रत्येक सदस्याची गुप्त किल्ली वेगळी असते. तपासणाऱ्याकडे मात्र संपूर्ण गटाची मिळून एकच सार्वजनिक किल्ली असते. सही तपासणाऱ्याला 'गटातल्या कोणीतरी केली' एवढंच कळतं. एकाच माणसाच्या दोन सह्या समोर ठेवल्या, तरी त्या एकाच्या आहेत की दोघांच्या, हे त्याला ओळखता येत नाही. सही उघडण्याची खास किल्ली असलेला अधिकारी तेवढा नाव काढू शकतो. २००३ साली बेल्लारे, मिचान्चो आणि वारिन्शी यांनी या अपेक्षा दोन काटेकोर व्याख्यांत बसवल्या : पूर्ण अनामिकता, आणि काही सदस्यांनी संगनमत केलं तरी सही उघडल्यावर त्यांच्यापैकीच कोणाचं तरी नाव निघणं.

रिंग सिग्नेचर ही याची चुलतबहीण. तिच्यात नोंदणी नसते आणि उघडणारा अधिकारीही नसतो. दोन्हींची गल्लत बरीच होते.

प्रश्न : पेअरिंगवर (इलिप्टिक कर्व्हवरचे दोन बिंदू जोडणाऱ्या एका गणिती क्रियेवर) आधारलेल्या ग्रुप सिग्नेचर २०० बाइटांच्या आत बसतात. क्वांटम संगणक अजून लांब आहे. मग आत्ताच कित्येक पटींनी मोठ्या लॅटिस-सह्यांच्या मागे का लागायचं? (पुणे)

साध्या सहीबाबत हा युक्तिवाद बराचसा चालतो. आजची सही आजच तपासली आणि व्यवहार संपला, तर २० वर्षांनी ती बनावट करता येईल याची फिकीर फारशी नसते. समूह-सहीत मात्र दुसरीही गोष्ट असते : प्रत्येक सहीच्या आत सदस्याची ओळख कुलूपबंद करून ठेवलेली असते.

बोने, बोयेन आणि शॅकम यांची २००४ ची प्रसिद्ध छोटी सही घ्या, १,५३३ बिटांची. उघडणाऱ्या अधिकाऱ्याची गुप्त किल्ली तिच्यात डिस्क्रीट लॉगरिदमच्या, म्हणजे उत्तरावरून घातांक शोधण्याच्या अवघड प्रश्नाच्या, आड लपलेली असते, आणि तिची सार्वजनिक बाजू गटाच्या जाहीर किल्लीतच असते. पुरेसा मोठा क्वांटम संगणक आला की पीटर शोरच्या १९९४ च्या पद्धतीने ती गुप्त किल्ली काढता येते. मग साठवून ठेवलेली प्रत्येक जुनी सही उघडी पडते. बनावट सहीचा धोका त्या दिवसानंतरच्या सह्यांना असतो. अनामिकतेचा धोका आजच्या सह्यांनाही आहे. तक्रारदार, मतदार, रुग्ण यांची ओळख २० वर्षं जपायची असेल, तर घाई आहे. पार्किंगच्या पाससाठी नाही.

प्रश्न : लॅटिस म्हणजे जाळी, इतकं कळतं. पण जाळीतला अवघड प्रश्न नेमका कुठला? एखादं हातानं सोडवता येण्यासारखं उदाहरण द्या. (कोल्हापूर, बी.एस्सी. गणित)

चार संख्या घ्या : ३, ७, १२, ५. प्रत्येकीला एकेका पूर्णांकाने गुणून बेरीज करायची आणि १७ ने भागल्यावर बाकी शून्य यायला हवी (या १७ ला मापांक म्हणतात). अशा सगळ्या गुणक-संचांची मिळून जाळी बनते. सगळे गुणक शून्य चालणार नाहीत.

कसेही गुणक चालत असतील तर हा पोरखेळ आहे : ३ ला ९ ने आणि ७ ला १ ने गुणा. २७ + ७ = ३४, म्हणजे १७ ची दुप्पट. आता अट घाला की गुणक −१, ० किंवा १ एवढेच हवेत. इथे १२ + ५ = १७ हे लगेच दिसतं, कारण संख्या चारच आहेत. पण अशी २५६ समीकरणं एकाच वेळी पाळायची असली आणि गुणक काही हजार असले, की ही शोधाशोध हाताबाहेर जाते. मिक्लोश आयताय यांनी १९९६ मध्ये मांडलेला हा प्रश्न एसआयएस (शॉर्ट इंटिजर सोल्यूशन) या नावाने ओळखला जातो.

दुसरा प्रश्न ओडेड रेगेव्ह यांचा, २००५ चा, एलडब्ल्यूई (लर्निंग विथ एरर्स) : समीकरणांच्या उत्तरांत थोडा गोंगाट मिसळायचा आणि मूळ अज्ञातं शोधायला सांगायची. गोंगाट नसेल तर गाउसची निर्मूलन पद्धत काही क्षणांत उत्तर देते.

दोन्हीकडे कुलूप एकच आहे : 'लहान'. उत्तर लहान हवं, गोंगाट लहान हवा. ही अट काढली की उरतं ते कॉलेजचं रेषीय बीजगणित. पुढची जवळपास सगळी डोकेदुखी या शब्दातून येते.

प्रश्न : अशी एक सही प्रत्यक्षात कशी तयार होते, पायरीपायरीने सांगाल का? (नाशिक, एम.टेक.)

सिंगापूरच्या नानयांग विद्यापीठातल्या सान लिंग, खोआ न्युएन आणि हुआशियोंग वांग यांची २०१५ ची रचना शिकायला सोपी आहे, म्हणून ती घेऊ. गटात १,०२४ सदस्य धरा, म्हणजे प्रत्येकाचा क्रमांक १० बिटांचा.

सुरुवातीला व्यवस्थापक एक मोठं मॅट्रिक्स 'अ' तयार करतो, त्याच्या चोरवाटेसह. चोरवाट म्हणजे त्या जाळीचे आखूड पायाभूत सदिश. ते ज्याच्याकडे आहेत त्यालाच 'अ' साठी लहान उत्तरं काढता येतात. सोबत आणखी ११ यादृच्छिक मॅट्रिक्स आणि एक सदिश 'उ' जाहीर होतो. ११ पैकी पहिलं सगळ्यांना समान. उरलेली १० एकेका बिटाची : सदस्याच्या क्रमांकात ते बिट १ असेल तर ते मॅट्रिक्स बेरजेत घ्यायचं, ० असेल तर सोडायचं. ही बेरीज 'अ' च्या शेजारी जोडली की त्या सदस्याचं स्वतःचं मॅट्रिक्स तयार होतं. चोरवाट वापरून व्यवस्थापक त्याच्यासाठी असा लहान सदिश काढतो, की गुणाकार नेमका 'उ' यावा. हा लहान सदिश हीच सदस्याची गुप्त किल्ली.

सही करताना सदस्य आधी एकदाच वापरायच्या सहीची किल्लीजोडी बनवतो. तिच्या सार्वजनिक भागाच्या हॅशवरून, एलडब्ल्यूईच्या पद्धतीने, स्वतःच्या क्रमांकाची १० बिटं कुलूपबंद करतो : बिट १ असेल तर मापांकाचा अर्धा भाग मिळवायचा, ० असेल तर काहीच नाही, आणि वरून गोंगाट. मग येतो शून्य-ज्ञान पुरावा, म्हणजे आतलं काहीही न दाखवता 'माझ्याकडे आहे' हे पटवणं. तो तीन गोष्टी एकदम पटवतो : माझ्याकडे 'उ' देणारा सदिश आहे आणि तो लहान आहे, कुलुपातला क्रमांक त्याच सदिशाचा आहे, कुलुपातला गोंगाटही लहान आहे. ज्या मजकुरावर सही करायची, तो या पुराव्याच्या हॅशमध्येच गोवला जातो. शेवटी या सगळ्या गाठोड्यावर एकदाच वापरायची सही होते.

ही शेवटची सही शोभेची नाही. ती नसेल आणि कुलूपही साधं असेल, तर हल्लेखोर एखाद्या सहीतलं कुलूप किंचित बदलून अधिकाऱ्याकडे 'ही उघडून द्या' म्हणून पाठवू शकतो आणि उत्तरावरून मूळ सदस्य ओळखू शकतो.

उघडताना अधिकारी प्रत्येक बिटासाठी वजाबाकी करून पाहतो : उत्तर शून्याच्या जवळ की मापांकाच्या अर्ध्याजवळ? त्यावरून १० बिटं मिळतात, म्हणजे सदस्य मिळाला.

एक उणीव : इथे किल्ल्या व्यवस्थापकच बनवतो, त्यामुळे तो कोणाच्याही नावाने सही ठोकू शकतो. २०१६ नंतरच्या रचनांत सदस्य स्वतःचं गुपित स्वतः निवडतो आणि व्यवस्थापक फक्त त्यावर प्रमाणपत्र देतो. खऱ्या कामासाठी तीच पद्धत हवी.

प्रश्न : एमएल-डीएसए ही लॅटिसवरचीच सही २,४२० बाइटांत बसते. मग समूह-सही मेगाबाइटच्या घरात का जाते? (ठाणे)

कारण एमएल-डीएसएला 'लहान' हे काटेकोरपणे सिद्ध करावं लागत नाही, ढोबळ सिद्ध केलं तरी भागतं. समूह-सहीत कुलूप उघडायचं असतं, म्हणून ढोबळपणा महागात पडतो.

वरच्या रचनेतला पुरावा जाक स्टर्न यांच्या १९९३ च्या पद्धतीवर बेतलेला आहे. तो काटेकोर आहे, पण प्रत्येक फेरीत तीनपैकी एकच प्रश्न विचारला जातो आणि लबाड माणूस दोन प्रश्नांची तयारी करून येऊ शकतो. म्हणजे एका फेरीत फसवणूक खपण्याची शक्यता २/३. ती २ च्या उणे १२८ व्या घातापर्यंत खाली आणायला २१९ फेऱ्या लागतात. आता आकार पाहा. २५६ समीकरणं आणि २४ बिटांचा मापांक धरला, तर गुप्त सदिशाची लांबी २ × १२,२८८ = २४,५७६. त्यातली प्रत्येक संख्या १,००० पर्यंत असू शकेल तर तिचे १० तुकडे, आणि −१, ० व १ किती आहेत हे लपवायला प्रत्येक तुकडा तिप्पट लांब : ७,३७,२८० संख्या. प्रत्येकी ३ बाइट म्हणजे एका फेरीला सुमारे २.२ मेगाबाइट. काही फेऱ्यांत सदिशाऐवजी नुसतं बीज पाठवून बचत होते, तरी २१९ फेऱ्यांचा हिशेब शेकडो मेगाबाइटच्या घरात जातो. शिकायला सोपी म्हटलं होतं, वापरायला नव्हे.

सुटका दोन बाजूंनी झाली. सुट्या संख्यांऐवजी २५६ किंवा तत्सम सहगुणकांच्या बहुपदी घेतल्याने मॅट्रिक्स आटोपशीर झाली. आणि क्रिप्टोग्राफर वादिम ल्युबाशेव्स्की यांच्या पद्धतीने शेकडो फेऱ्यांऐवजी एकाच मोठ्या प्रश्नावर काम भागू लागलं. गॉर्डन, कॅट्झ आणि वैकुंठनाथन यांच्या २०१० च्या पहिल्या लॅटिस-रचनेत सहीचा आकार सदस्यसंख्येच्या पटीत वाढत होता. २०१३ मध्ये तो सदस्यसंख्येच्या लॉगरिदमपर्यंत खाली आला. २०१८ मध्ये देल पिनो, ल्युबाशेव्स्की आणि सायलर यांची सही सुमारे ५८० किलोबाइटांत बसली, २०२१ पर्यंत आकडा २०० च्या आसपास आला आणि २०२२ मध्ये १०० च्या खाली गेला. व्हॉट्सॲपवरच्या फोटोएवढी सही म्हटलं तर ठीक, पण चिपवर नाही.

प्रश्न : आमच्या प्रकल्पातला विचित्र प्रकार. सदस्याच्या प्रोग्रॅममध्ये मुद्दाम गोंगाट वाढवला. सही तपासणीत 'बरोबर' ठरते, पण उघडल्यावर भलताच क्रमांक येतो. प्रामाणिक प्रोग्रॅमच्या एक लाख सह्या मात्र बिनचूक उघडल्या. चूक कुठे? (नागपूर, अभियांत्रिकीचे विद्यार्थी)

ही चाचणी तुम्हाला सुचली हेच मोठं. चूक कोडमध्ये नाही, मापांक निवडताना झालेली आहे.

ल्युबाशेव्स्की-पद्धतीचा पुरावा 'गोंगाट −२ ते २ आहे' असं सिद्ध करत नाही. तो सैल असतो : प्रामाणिक माणसाचा गोंगाट २ पर्यंत, पण लबाडाचा, समजा, २०० पर्यंत खपून जातो. तुमचा मापांक १२,२८९ असेल तर उघडताना एकूण गोंगाट त्याच्या चतुर्थांशाच्या, म्हणजे ३,०७२ च्या, आत राहायला हवा. एकूण गोंगाट १,०२४ गुणाकारांच्या बेरजेतून येतो. प्रामाणिक सहीत दोन्ही बाजूंच्या संख्या −२ ते २ मधल्या आणि त्यांचं प्रचरण १ धरलं, तर बेरजेचं प्रमाण विचलन अवघं ३२. म्हणून लाख सह्या बिनचूक. लबाडाने प्रत्येक जागी २०० भरले की तेच ६,४०० होतं आणि बिटं नाणेफेकीसारखी पडू लागतात.

इलाज दोन. सरळ इलाज म्हणजे मापांक सैल मर्यादेवरून ठरवायचा : १,०२४ × २०० × २ = ४,०९,६००, त्याची चौपट १६,३८,४००. मापांक याहून मोठा घ्या. मापांक वाढला की एलडब्ल्यूई सोपं होतं, म्हणून परिमाणही वाढवावं लागतं आणि सही फुगते. त्यातच पुरावा नुसता 'गोंगाट २०० पर्यंत' अशा अर्थाने सैल नसून 'एका अज्ञात लहान गुणकाने गुणल्यावर लहान' अशा अर्थाने सैल असेल, तर तो गुणक अधिकाऱ्याला शोधत बसावा लागतो. ल्युबाशेव्स्की आणि नेव्हन यांच्या २०१७ च्या पद्धतीत असंच आहे, आणि तिथे उघडायला लागणारा वेळ हल्लेखोराने सही बनवताना किती हॅश काढले त्यावर अवलंबून राहतो. दुसरा इलाज म्हणजे निदान कुलुपाच्या गोंगाटापुरता काटेकोर पुरावा वापरणं. २०१९ नंतर हे बऱ्यापैकी स्वस्त झालं आहे, आम्ही तोच सुचवू.

प्रकल्प हातात आहेच, तर आणखी तीन जागा तपासा. पुराव्यातल्या उत्तराचा सदिश 'मुखवटा + प्रश्न × गुपित' असा बनतो. मुखवटा म्हणजे गुपित झाकणारा यादृच्छिक सदिश. एकच मुखवटा दोन सह्यांत वापरला गेला तर वजाबाकीने मुखवटा उडतो आणि गुपित हाती लागतं. व्हर्च्युअल मशीनची नक्कल काढली आणि यादृच्छिक संख्यांचं बीज दोन्हीकडे तेच राहिलं, की नेमकं हेच होतं. दुसरं, मर्यादेबाहेरचं उत्तर टाकून पुन्हा सुरुवात करायची असते, कारण काठाजवळची उत्तरं गुपिताकडे झुकलेली असतात. 'वेळ वाचवायला' ही पायरी काढू नका, आणि टाकलेलं उत्तर लॉग-फाइलमध्येही लिहू नका. प्रश्न × गुपित १० पर्यंत आणि जागा १,०२४ असतील, तर मुखवटा साधारण १०,२४० पर्यंतचा घ्या. मग सरासरी २.७ प्रयत्नांत सही निघते. मुखवटा १०० चाच ठेवलात तर प्रोग्रॅम अडकल्यासारखा वाटेल : प्रत्येक जागी ९० टक्के यश, पण १,०२४ जागी एकदम यश जवळपास कधीच नाही. तिसरं, प्रश्न ठरवणाऱ्या हॅशमध्ये मजकूर, गटाची किल्ली, कुलूपबंद क्रमांक आणि पुराव्याचा पहिला संदेश हे सगळं जायला हवं. कुलूप राहून गेलं, तर ते प्रश्न कळल्यावर जुळवून घेता येतं.

प्रश्न : व्यवस्थापकाने चोरवाट वापरून लहान सदिश काढायचा, तर नुसतं जवळच्या पूर्णांकाला आणून का चालत नाही? गाउसियन (घंटेच्या आकाराच्या वितरणाचे) नमुने काढणं फार किचकट आहे. (हैदराबाद)

चालत नाही. नुसतं जवळच्या पूर्णांकाला आणलं की दिलेले सदिश चोरवाटेच्या आकाराच्या एका तिरक्या पेटीत समान पसरतात. पुरेसे सदिश गोळा केले की पेटीच्या कडा दिसू लागतात, आणि त्या कडा म्हणजेच चोरवाट. फॉन्ग न्युएन आणि रेगेव्ह यांनी २००६ मध्ये एनटीआरयूसाइन-२५१ या लॅटिस-सहीच्या मूळ रूपाची किल्ली अवघ्या ४०० सह्यांतून काढून दाखवली होती. समूह-सहीत तर सदस्यच ४०० प्रमाणपत्रं एकत्र आणू शकतात. जेन्ट्री, पायकर्ट आणि वैकुंठनाथन यांची २००८ ची गाउसियन पद्धत नेमकी यासाठीच आहे : तिच्यातून निघणारा सदिश चोरवाटेचा आकार सांगत नाही. किचकट वाटत असेल तर मिचान्चो आणि पायकर्ट यांची २०१२ ची चोरवाट वापरा, तिथलं बरंचसं काम पूर्णांकांत होतं.

चोरवाटच नको असेल तर पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : सदस्याने गट सोडला तर? (गोवा)

लिबेर, लिंग, न्युएन आणि वांग यांनी २०१६ मध्ये सदस्यत्व मर्कल झाडावर बसवलं, आणि पुढच्याच वर्षी त्यात बदलत्या सदस्यत्वाची सोय झाली. पानापानावर सदस्यांच्या किल्ल्या असतात, आयतायच्या एसआयएस हॅशने दोन-दोन जोडत वर जायचं आणि मुळाशी एकच मूल्य उरतं. सही करणारा 'माझं पान या मुळाखाली आहे आणि ते शून्य नाही' असं सिद्ध करतो. चोरवाट लागतच नाही. गट सोडला की व्यवस्थापक ते पान शून्य करतो. १,०२४ सदस्यांच्या झाडात त्यासाठी १० हॅश पुन्हा काढावे लागतात. उरलेल्या प्रत्येकाला मात्र आपल्या वाटेवरच्या शेजारच्या गाठी ताज्या करून घ्याव्या लागतात, नाहीतर त्याची पुढची सही नाकारली जाते. म्हणून सोडून गेलेल्यांची पानं एकेक करून न बदलता ठरावीक काळाने एकत्र बदलतात.

जुन्या मुळाखाली केलेल्या सह्या तशाच ग्राह्य राहतात. त्यामुळे सहीसोबत कोणत्या काळाचं मूळ वापरलं ते नोंदवा आणि तपासणाऱ्याला ते मूळ विश्वासू ठिकाणाहून घ्यायला लावा.

प्रश्न : यासाठी एखादं मानक आहे का? आमच्या संस्थेला पुढच्या वर्षी अनामिक अभिप्राय-यंत्रणा उभी करायची आहे. (मुंबई)

अनामिक सह्यांसाठी आयएसओ/आयईसी २०००८ हे मानक २०१३ मध्ये आलं, पण त्यातल्या समूह-किल्लीच्या पद्धती आरएसए आणि पेअरिंगच्या जातीच्या आहेत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेल्या एफआयपीएस २०३ आणि २०४ मध्ये लॅटिसवरची किल्ली-देवाणघेवाण आणि साधी सही आहे, समूह-सही नाही. त्यामुळे पुढच्या वर्षीसाठी स्वतः लिहिलेली लॅटिस समूह-सही थेट वापरात आणू नका. सदस्य थोडे असतील आणि अभिप्राय काही महिन्यांत निरुपयोगी होणार असतील, तर पेअरिंगवरची, बाहेरून तपासून घेतलेली लायब्ररी घ्या. सह्यांच्या फाइली मुदत संपताच नष्ट करा, आणि उघडण्याची किल्ली दोन-तीन जणांत वाटून ठेवा, म्हणजे एकट्याला सही उघडता येणार नाही. अभिप्राय कायम जपायचे असतील, तर सहीबरोबर कोणाचीही ओळख कुलूपबंद होऊ नये, म्हणजे उघडणारा अधिकारीच नसावा, हे आधी ठरवा. तसं चालत असेल तर तुम्हाला समूह-सही नको, लॅटिसवरची रिंग सिग्नेचर पुरेल. तिचा आकारही लहान असतो.